एक सीट बाकी

आमच्या गल्लीत माझ्या तोंडाची कीर्ती आधीपासूनच होती, पण यंदाच्या उन्हाळ्यात ती पार पाटाच्या पलीकडे गेली. शाळेत मी गणित शिकवते, तेव्हा पोरं मला घाबरतात ते ठीक. आता त्यांचे आईबापही मला बघून गाडी दुसऱ्या बाजूने काढायला लागले. या सगळ्याला जबाबदार आप्पांची जीप.

आप्पा म्हणजे माझे वडील. राहुरी ते शिर्डी या रस्त्यावर त्यांनी उभी हयात प्रवासी जीप चालवली. पुढे डोळे अधू झाले, परवाना संपला, तेव्हा त्यांनी ती देवळालीतल्या आमच्या घरामागे जुन्या गोठ्यात आणून लावली. तेव्हापासून ती तिथेच. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार, बॉनेटवर कोंबड्यांची वस्ती. विकायचं नाव काढलं की आप्पा जेवणावरून उठायचे, म्हणून कुणी काढायचं नाही.

यंदा होळीच्या आसपास आप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बेशुद्धीत दवाखान्यात नेलं, अर्धवट शुद्धीत घरी आणलं, दोन्ही वेळा ॲम्ब्युलन्समध्ये आडवं घालून. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, राहात्याला फिजिओथेरपीची सोय आहे, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, न चुकता आणा. हातात जी काही ताकद परत यायची ती पहिल्या काही महिन्यांतच येते, नंतर आम्हीही काही करू शकत नाही. मी मान डोलावली. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

पाय घरच्या घरी बराच सावरला. काठी टेकत आप्पा अंगणापर्यंत यायला लागले. हात मात्र नुसता लोंबत राहिला. आत्या, म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, आमच्याकडेच असते. ती घास भरवायला गेली की ते तोंड मिटून घ्यायचे. ज्या हाताने आयुष्यभर स्टिअरिंग फिरवलं त्या हाताने भाकरी मोडता येईना, आणि बहिणीच्या हातून खायचं नाही. डाव्या हाताने निम्मं सांडायचं, निम्मं पोटात जायचं. मला ते बघवायचं नाही. मी ताट वाढून स्वयंपाकघरात निघून जायचे.

आप्पा काठीवर चालायला लागल्यावर पहिल्याच मंगळवारी रिक्षा दारात आणली. आप्पा शहाण्यासारखे बसले, मी शेजारी बसले. रिक्षा सुरू झाली आणि आप्पांनी डावा हात बाहेर काढून पत्र्यावर एक थाप मारली. धप्प! रिक्षावाला थांबला.

"काय झालं आप्पा? काही राहिलं का?"

उत्तर कुठून येणार? तो परत निघाला. परत धप्प, आणि या खेपेला काठी बाहेर, पाय बाहेर. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "बाई, म्हाताऱ्याला न्हाई यायचं. कशाला जबरदस्ती करता? वाटंत काय झालं तर मलाच धरतील."

दादा, माझा मोठा भाऊ, पुण्याहून त्याची एसी गाडी घेऊन आला. गुळगुळीत रस्त्याने, हळू, पाठीला उशी लावून नेतो म्हणाला. गाडीने गल्लीचं तोंडही गाठलं नाही. आप्पांनी काच खाली करायला लावली आणि दारावर थाप. पुढे गेलं की थाप. दादा आधी हसला, मग समजुतीने बोलला, शेवटी वैतागला.

"हट्टी झालेत. पहिल्यापासूनच आहेत म्हणा, आता कारण मिळालंय," असं म्हणून तो संध्याकाळी पुण्याला निघून गेला. जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू हट्ट मीच शिकवला असावा.

राहात्याहून घरी येऊन व्यायाम करवून घेणारा एक मुलगाही मी शोधला. तो दोनदा आला आणि मग फोन उचलायचा बंद झाला. मंगळवार जायचा, शुक्रवार जायचा. मी कॅलेंडरवर फुल्या मारत राहायचे.

अशात एका संध्याकाळी शाळेतून आले तर आप्पा खाटेवर नाहीत. शोधत मागे गेले. ते गोठ्यात जीपच्या पुढे उभे होते, चांगला हात बॉनेटवर ठेवून. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परक्याच्या गाडीत हा माणूस कधी बसलाच नाही! हा दुसऱ्याच्या गाडीतून जाणार नाही, स्वतःच्या गाडीतून जाईल. मग गाडीच चालू करू, त्यात काय?

त्यात काय! हे दोन शब्द माझ्या कपाळावर कुणीतरी गोंदून ठेवायला हवेत.

खरं सांगायचं तर त्या जीपवर माझा लहानपणापासून राग. शाळेला मी तिच्यातूनच जायचे, पुढच्या सीटवर, आप्पांच्या शेजारी. फाट्यावर ती उभी राहायची ती राहायचीच. आप्पा बाहेर मान काढून ओरडायचे, "राहाता, शिर्डी, राहाता, शिर्डी! एक सीट! चला एक सीट!" आत माणसं घामाने निथळतायत, बाया शिव्या देतायत, कुणाचं तरी पोर रडतंय, पण ती एक सीट भरेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. दहावीला भूमितीच्या पेपरच्या दिवशी मी रडकुंडीला आले होते. "आप्पा, पेपर आहे माझा!" तर म्हणाले, "भरल्याशिवाय गाडी हलत नसती बाळ." शेवटी एक कोंबडीवाला आला, टोपलीसकट बसला, आप्पांनी हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर थाप-थाप अशा दोन थापा मारल्या आणि मग निघालो. पेपरला मी उशिरा पोचले. वर्गात शिरले तेव्हा माझ्या ओढणीला पिसं चिकटलेली होती. पुढे मी गणिताचीच शिक्षिका झाले, त्यात थोडा त्या दिवसाचा सूड आहे.

तर कामाला लागले. नटबोल्टचे पाने मला ओळखता येत होते, टायर बदलता येत होता, गाडीही चालवता येत होती, आप्पांनी एवढं शिकवलं होतं. बाकीचं मोबाईलवर बघून आणि मिस्त्रीला विचारून करू म्हटलं. मिस्त्री स्टँडजवळ गॅरेज चालवतो. रविवारी येतो म्हणाला. कोणत्या रविवारी ते त्याने सांगितलं नाही.

पहिले काही आठवडे नुसते नट सोडवण्यात गेले. रॉकेल टाकायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी शाळेआधी पाना लावायचा. नट हलायचा नाही, पाना मात्र निसटून माझी बोटं पत्र्यावर आपटायची. मग माझ्या तोंडून जे निघायचं ते ऐकून आत्या आतूनच "आगं, मास्तरीन हायेस तू!" म्हणून ओरडायची.

आणि बघे! गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की आमच्याकडच्या माणसाला पुढे जाताच येत नाही. उसाला पाणी द्यायला निघालेला माणूस मोटार चालू करायची सोडून गोठ्यात येऊन उभा. सगळ्यांत पुढे फिटरकाका. आमचे शेजारी, शुगर फॅक्टरीतून रिटायर झालेले. येऊन सरळ मागच्या सीटवर बसायचे, उंदरांच्या संसारावर, आणि तिथून निकाल द्यायचे.

"बाई, डिझेलचा पंप बाद हाय."

"काका, पंप मी अजून उघडलाच नाही."

"उघडायचा कशाला? आवाजावरनं कळतं."

"आवाज कुठला? गाडी चालू कुठंय?"

"त्येच तर म्हनतोय मी. चालू न्हाई म्हंजी पंपच."

आता याला काय बोलायचं? दुसरा यायचा, तो म्हणायचा पंप ठणठणीत, इंजिनाचं हेड गेलंय. तिसरा म्हणायचा बाई, हिला दृष्ट लागली, लिंबू बांधा. तिघंही आपापल्या सीटवर बसून तासभर वाद घालायचे, आत्या त्यांना चहा द्यायची, आणि मी गाडीखाली पाठीवर पडून चेहऱ्यावर काळं तेल झेलायचे. "उतरा! आधी खाली उतरा सगळे!" मी ओरडले की उतरायचे. दुसऱ्या दिवशी परत हजर. रिकामी सीट दिसली की टेकायचं, ही आमच्या गल्लीची खोडच आहे.

आप्पा रोज काठी टेकत यायचे, दारातल्या खुर्चीवर बसायचे आणि नुसते बघायचे. मी पार्ट दाखवायचे, "हा बरोबर आहे का?" ते मान हलवायचे. तेवढ्यात मला बरं वाटायचं आणि तेवढ्यातच त्यांच्या लोंबत्या हाताकडे लक्ष जायचं. दिवस चालले होते. पावसाळा गेला, गणपती गेले. मिस्त्री अखेर दोनदा आला, क्लच बसवून गेला. माझं ठरलं होतं, दसऱ्याला गाडीची पूजा करायची आणि त्याच आठवड्यात आप्पांना घेऊन राहात्याला जायचं.

घट बसायच्या आधी काय झालं ते लिहितानाही माझं डोकं तापतंय.

मी डिझेलची टाकी आणि इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर काढले होते. ब्रेकचे सगळे बारके भाग सोडवून, ज्या क्रमाने सोडवले त्या क्रमाने पडवीत वर्तमानपत्रावर मांडले होते, प्रत्येकाखाली नंबर लिहून. परत जोडताना चूक नको म्हणून. दुपारी शाळेतून आले तर पडवी सारवल्यासारखी स्वच्छ. अंगणात गोधड्या वाळत होत्या, तांब्याची-पितळेची भांडी चकाकत होती, आणि भांड्यांच्या शेजारी एका सुपात माझी जीप! सगळे भाग लहान-मोठे, उतरत्या क्रमाने लावलेले, चिंच आणि राखेने घासून लखलखीत, वर हळदी-कुंकवाचं बोट.

आत्या कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत उभी होती.

"लई घान हुतं गं. सकाळधरनं घासतीय. घट बसायचं म्हनल्यावर घरात असलं तेलकट कसं ठिवायचं?"

"आत्या, टाकी कुठंय?"

"ती आतून घासाय येईना. मग साबन टाकला आन् पानी भरून ठिवलीय. उंद्या विसळू."

मी पायरीवर खाली बसले. रडावं का हसावं ते कळेना. इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत राख गेली होती. डिझेलच्या टाकीत साबणाचं पाणी. आणि कागदावरचे नंबर? "ते कागद? चुलीत घातले की." मी आत्याला काय काय बोलले! नवरात्र तोंडावर असताना घरातल्या थोरल्या बाईला असं कुणी बोलत नाही. ती आत जाऊन देवासमोर बसली, आणि मला इतकं ओशाळं झालं की त्याचाही रागच आला.

नवे इंजेक्टर शोधायला मी नगर पालथं घातलं. टाकी तीनदा वाळवली. माळ चढत होती आणि मी शाळेतून येऊन रोज अंधार पडेपर्यंत गोठ्यात. अष्टमीपर्यंत सगळं जोडून झालं, फक्त डिझेलच्या नळीतली हवा काढायची राहिली. दहा मिनिटांचं काम. नवमीला सकाळी पाना घ्यायला गेले तर पेटी रिकामी. माझे सगळे पाने, पक्कड, हातोडी घटासमोर पाटावर, फुलं वाहिलेली. खंडेनवमी! आज हत्यारांची पूजा, त्यांना हात लावायचा नाही.

"आत्या, एक पाना दे. बारीकसा. देवीला काही कळत नाही."

"देवीला कळत न्हाई?" आत्या अशी वळली की मी मागे सरले. एक दिवस आणखी गेला.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी हवा काढली, चावी फिरवली. पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा धूर. तिसऱ्यांदा सगळा गोठा हादरला, कोंबड्या उडाल्या आणि गाडी चालू झाली! मी ओरडले की किंचाळले कुणास ठाऊक. आत्याने हातातलं टाकून कुंकवाची कोयरी आणली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं.

आप्पा उठले होते. कुणी न सांगता काठी टेकत आले, डाव्या हाताने दाराचा दांडा धरला आणि स्वतःला ओढून घेत पुढच्या सीटवर बसले. माझ्या शेजारी. एकटे, मदतीशिवाय. मला हुंदका आला. नुसतं फाट्यापर्यंत जाऊन येऊ म्हटलं, म्हणजे शुक्रवारी राहात्याची खात्री झाली.

गिअर टाकला. जीप हातभर सरकली.

धप्प! डावा हात बाहेर, पत्र्यावर थाप.

मी ब्रेक मारला. त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. परत गिअर टाकला.

धप्प!

मग माझं काही शिल्लक राहिलं नाही. गाडी बंद केली, खाली उतरले, दार आपटलं. "काय पाहिजे काय तुम्हाला? परकी गाडी नको, पोराची गाडी नको, आता स्वतःची पण नको? माझी बोटं बघा! सहा महिने मी तेलात लोळतेय ते कुणासाठी? तो हात असाच राहू द्यायचाय का?" सगळी गल्ली ऐकत होती. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून, तोंडात पदर कोंबून रडले.

सोनं द्यायला माणसं निघालेलीच होती. आपट्याची पानं हातात घेऊन एकेक जण आत आला, मला रडताना बघून ओशाळला, आणि आता करायचं काय ते न कळून गाडीत जाऊन बसला. फिटरकाका आपल्या नेहमीच्या जागी. त्यांच्यासमोर ते हेडवाले, लिंबूवाले. दोन शेजारणी, त्यांची पोरं. "गाडी चांगली झाली की," एक जण हळूच म्हणाला. "पंपाचं मी म्हनलो हुतो," काका म्हणाले.

"उतरा," मी डोळे पुसत म्हटलं. "उतरा सगळे. जायचं नाहीये कुठं."

तेवढ्यात आप्पा वळले. अख्खे वळले, मान नव्हे, कमरेतून. डाव्या हाताचं बोट पुढे करून एकेकावरून फिरवायला लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोट कडेच्या रिकाम्या जागेवर येऊन थांबलं. तिथून ते आत्याकडे वळलं. आत्या आरतीचं ताट धरून उभी होती.

"मी कशाला? माझं घरात..." ती म्हणाली. बोट हललं नाही. ती पदर सावरत, ताटासकट चढून बसली.

आप्पा पुढे वळले. हात बाहेर काढला. थाप-थाप.

गाडीत कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. आप्पा कधी नको म्हणतच नव्हते! रिक्षात आम्ही दोघंच होतो. दादाच्या गाडीत मागची सीट मोकळी होती. ते एवढंच सांगत होते की थांबा, सीट भरायची आहे. आणि आम्ही त्यांना हट्टी म्हणून परत खाटेवर नेऊन निजवत होतो. अख्खा उन्हाळा, अख्खा पावसाळा.

मी गाडी काढली. फाट्यापर्यंत गेलो. आप्पांनी डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर वारा घेत होते. परतताना पाटाच्या पुलावर गिअरबॉक्समधून कडकड आवाज आला आणि जीप जी उभी राहिली ती ट्रॅक्टर लावून ओढत आणावी लागली. ती आता परत गोठ्यात आहे. कोंबड्या परत बॉनेटवर आहेत. मी त्यांना हाकलत नाही.

शुक्रवारी रिक्षा बोलावली. आत्याला बसवलं, फिटरकाकांना बसवलं, मी कडेला अंग चोरून. थाप-थाप. राहाता! इतकं सोपं होतं ते. त्यासाठी ना इंजेक्टर लागत होते, ना क्लच, ना माझी सोललेली बोटं. शेजारपाजारचं कुणीतरी रिकामं माणूस तेवढं लागत होतं, आणि ते तर रोज माझ्या गोठ्यात येऊन बसत होतं. मी त्यांना उतरवत होते.

फिजिओथेरपीच्या बाईंनी आप्पांचा हात उचलून बघितला, सोडला, परत उचलला. "एवढे दिवस का आणलं नाही?" त्यांनी विचारलं. मी आप्पांची बाही वर सारून दिली. त्या म्हणाल्या, बघू, बोटांत थोडं येईल, दंडाचं मी सांगत नाही.

बोटांत थोडं आलंय. अंगठा आणि शेजारचं बोट जवळ येतात. भाकरीचा तुकडा धरला जातो, तोंडापर्यंत मात्र डाव्या हाताने उजवा हात उचलून न्यावा लागतो. आप्पा तसं जेवतात. मी आता स्वयंपाकघरात जात नाही, समोर बसते.

मंगळवार-शुक्रवार सकाळी रिक्षा दारात उभी असते. आत्या बसलेली असते, पण फिटरकाकांचं हल्ली गुडघ्याचं दुखणं निघालंय, कधी येतात, कधी येत नाहीत. आप्पांचा हात पत्र्यावर तयार असतो. घड्याळ पुढे चाललेलं असतं, शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली असते, माझ्या डोक्याची शीर उडत असते. मग मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते, आणि जितकं मोठं तोंड देवाने दिलंय तितकं उघडून ओरडते, "राहाता, राहाता, राहाता! चला, एक सीट! एक सीट!"